घरी सिनेमा सुचवताना: आधी माणसं, मग नाव

"एखादा चांगला सिनेमा सांग ना" असा मेसेज शुक्रवारी संध्याकाळी येतो, तेव्हा पाठवणारा बहुधा ठाणे स्टेशनच्या पुलावर किंवा ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभा असतो. घरी पोचावं, जेवणं आटोपावीत, टीव्ही लावावा आणि वाद न होता काहीतरी सुरू व्हावं, एवढीच त्याची इच्छा असते. आपण मात्र गेल्या महिन्यात आपल्याला आवडलेल्या सिनेमाचं नाव ठोकून देतो. तो बिचारा लावतो, वीस मिनिटांत सासूबाई उठून आत जातात, मुलगा मोबाइल काढतो, आणि एका चांगल्या सिनेमाला त्या घरात कायमचं "बोअर" असं नाव पडतं.

सिनेमा वाईट नसतो. तो चुकीच्या लोकांसमोर, चुकीच्या वेळी लागलेला असतो. आपल्याकडच्या घरांची रचनाही लक्षात घ्यायला हवी. नौपाड्यातली जुनी इमारत असो, कोपरखैरण्यातली सिडकोची खोली असो की घोडबंदर रोडवरचा टॉवर, बहुतेक घरांत हॉल एकच. आजीचा दिवाण तिथेच, दहावीतल्या मुलीचं टेबल तिथेच आणि टीव्हीही तिथेच. म्हणजे ज्याला सिनेमा बघायचा नाही, त्यालाही तो ऐकावा लागतो. म्हणून सुचवणाऱ्याने सिनेमापासून नव्हे, हॉलपासून सुरुवात करावी. मी तसंच करतो. त्याची रीत खाली दिली आहे.

पहिली पायरी: नाव सांगण्याआधी उलट विचारा

"कोण कोण बसणार?" हा पहिला प्रश्न. "आम्ही दोघंच" असं उत्तर आलं तरी "मुलं कुठे असतील?" हे विचाराच. मग "किती वाजता सुरू करणार आणि सकाळी कोणाला लवकर उठायचंय?" त्यानंतर माझा सगळ्यात आवडता प्रश्न: "अलीकडे अर्ध्यात सोडलेला सिनेमा कुठला, आणि नेमका कुठे सोडलात?" आवड विचारली की माणूस जरा बरं दिसेल असं उत्तर देतो. सोडलेला सिनेमा सांगताना तो खरं बोलतो. कोणी मारामारीला कंटाळलेलं असतं, कोणाला सबटायटल वाचता आलेली नसतात, तर कोणाच्या समोर वडील बसलेले असताना नको तो प्रसंग आलेला असतो. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

शेवटचा प्रश्न आडून विचारायचा, पण टाळायचा नाही: घरात सध्या काय चाललंय?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सुचवणाऱ्याच्या हातून माणसं दुखावली जातात. 'श्वास' (२००४) हा अतिशय सुंदर सिनेमा. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार हे कळलेले आजोबा आणि तो मुलगा यांची ती गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही गेला. पण ज्या घरातलं कोणी केमोथेरपीसाठी फेऱ्या मारतंय, तिथे हे नाव मी आपणहून काढत नाही. त्यांनी विचारलं तर गोष्ट स्पष्ट सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. 'नटसम्राट' (२०१६) तसाच. राहतं घर मुलांच्या नावावर करून दिलेल्या आईवडिलांना तो दाखवायचा असेल, तर कुटुंबातलं वातावरण आधी जोखा. 'माय नेबर तोतोरो' (१९८८) मुलांसाठी मी डोळे मिटून सुचवतो, पण त्यात आई रुग्णालयात आहे. ज्या मुलाची आई खरोखर दवाखान्यात आहे, त्याला हा सिनेमा आठवडाभर थांबून दाखवा, किंवा मांडीवर घेऊन दाखवा.

याची दुसरी बाजूही आहे. काही सिनेमे त्याच दुखण्यासाठी उपयोगी पडतात, फक्त योग्य माणसांनी एकत्र बसायला हवं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची गोष्ट सांगतो; मोहन आगाशे त्या भूमिकेत आहेत. घरात वडिलांना हा आजार असेल तर तो वडिलांबरोबर बघू नका. भावंडांनी बघावा, शक्यतो सगळ्यांनी एकाच वेळी. एक ऐरोलीला, एक पुण्याला असेल तर फोन लावून बघा. कोणी किती दिवस सांभाळायचं, कोण थकलंय, हे विषय समोरासमोर निघत नाहीत. असा सिनेमा संपल्यावर ते निघतात. याच जोडीचा 'कासव' नैराश्यावर आहे आणि त्याला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात आत्महत्येचा प्रयत्न येतो. मन खचलेल्या माणसाला "हा बघ, बरं वाटेल" म्हणून लिंक पाठवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसणार असाल तरच सुचवा.

दुसरी पायरी: वेळ मोजा

हे सरळ गणित आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. साडेनऊला सुरू केलेला 'सैराट' (२०१६) साडेबारा वाजवतो, कारण तो जवळपास तीन तासांचा आहे, आणि त्याचा शेवट पेंगत बघण्याचा नाही. कामाच्या दिवशी रात्री दीड-पावणेदोन तासांपलीकडचं काही सांगू नका. नऊच्या आधी सुरू होणार नसेल तर त्याहूनही लहान निवडा.

संथ सिनेमा रात्री दहानंतर कधीच नको. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' दोन तासांहून थोडा कमी आहे, पण त्यातली दृश्यं लांब, कॅमेरा बहुधा स्थिर. मुंबईतल्या सत्र न्यायालयात एका लोकशाहिरावर चाललेला खटला, तारखा, पुन्हा तारखा. रविवारी सकाळी चहा घेऊन बघितला तर तो पकड घेतो. दिवसभर लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला रात्री तो झोपवेल, आणि दोष सिनेमाला लागेल. याच कारणासाठी 'डोंबिवली फास्ट' (२००५) रोज गर्दीतून प्रवास करणाऱ्यांना मी बुधवार-गुरुवारी सुचवत नाही. त्याच्या नायकाचा, माधव आपटेचा संताप अंगावर येतो. सुट्टीच्या दिवशी मात्र जरूर.

मोठा सिनेमा दोन रात्रींत बघायला काहीच हरकत नाही. आपल्याकडचे सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात, तिथेच थांबा. झोप आली म्हणून कुठेही तोडू नका. दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही.

तिसरी पायरी: सोबत पाहून निवड

_आईवडील, सासूसासरे._ गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात वर्षानुवर्षं नाटकं बघितलेल्या पिढीला संवाद लागतो, अभिनय लागतो, आणि गोष्ट पुढे सरकलेली लागते. त्यांच्यासाठी माझं पहिलं नाव 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्यामागची धडपड परेश मोकाशींनी हसतखेळत सांगितली आहे. लांबी कमी, नको तो प्रसंग नाही, नातवंडंही बसू शकतात. आधीच्या पिढीने ऐकलेल्या कितीतरी गोष्टी तो बघताना निघतात, त्या निघू द्या. पॉज करायला लाजू नका.

वडील रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे असतील तर 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी केलेला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, श्रीराम लागू अर्थमंत्री, आणि हे सगळं बघणारा पत्रकार निळू फुले. तो वडिलांना नुसता दाखवू नका, त्यांच्याकडून समजून घ्या. त्या काळातल्या कामगार संपांबद्दल, मंत्रालयाबद्दल त्यांना जे आठवतं, ते तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. कधी नव्हे ते आपल्याला विचारलं जातंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मला वाटतं, तेवढ्यासाठीच हा सिनेमा लावावा.

ज्येष्ठांबरोबर दुपारची वेळ उत्तम. ऐकू कमी येत असेल तर मराठी सिनेमालाही सबटायटल लावा, मराठीत मिळत असतील तर फारच छान.

_लहान मुलं._ मुलांबरोबर सिनेमा बघायचा, मुलांना लावून द्यायचा नाही. हा फरक पाळलात तर निवड आपोआप सुधारते, कारण तुम्हालाही तो बघवला पाहिजे. साधारण सात वर्षांपासून पुढे 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४): पंढरपुरातली भावंडं आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. इराणी दिग्दर्शक माजिद मजीदी यांचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' (१९९७): भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि मग दोघं एकच जोड आलटून-पालटून घालून शाळेत जातात. भाषा फारसी आहे, पण अडत नाही. सबटायटल तुम्ही मोठ्याने वाचा, आवाज बदलून वाचा. पहिल्या दहा मिनिटांनंतर मुलं स्वतःच "कळलं, कळलं" म्हणू लागतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना 'किल्ला'. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, नवी शाळा, नवे मित्र. खारघर-तळोज्याला नुकत्याच राहायला आलेल्या घरांतल्या मुलांना तर तो फार जवळचा वाटतो; जुनी शाळा सोडणं म्हणजे काय, हे ती कोणाला सांगत नसतात.

वयाची खूण बघायची सवय लावा. २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी) अशी वर्गवारी दिसते, आणि १३+ पासून वरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप लावायची सोय देणं बंधनकारक आहे. ते कुलूप खरंच लावा. तरीही खुणेवर पूर्ण विसंबू नका. तुमचं मूल कशाला घाबरतं ते तुम्हालाच माहीत.

_वयात आलेली मुलं._ हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं. पंधरा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर बसायला तयार झाला, हीच मोठी गोष्ट. अशा वेळी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लावा. जब्या कैकाडी समाजातला, त्याचं वर्गातल्या शालूवर प्रेम, आणि घरची वाट डुकरं पकडण्याकडे जाणारी. आपल्या कितीतरी सोसायट्यांत "आता कुठे राहिलीय जात" असं म्हणत मुलं मोठी होतात, आणि त्याच सोसायटीत भाडेकरूला आडनाव विचारलं जातं. पाठ्यपुस्तकातला धडा मुलाला याच्या जवळ नेत नाही, हा सिनेमा नेतो.

दोन पथ्यं पाळा. बघताना त्याच्या तोंडाकडे बघू नका; सगळे टीव्हीकडे तोंड करून बसलेले असतात, म्हणूनच या वयात सिनेमा उपयोगी. आणि संपल्या संपल्या "काय शिकलास?" विचारू नका. दिवा लावा, पाणी प्या, भांडी आवरा. तो बोलेल; कदाचित दोन दिवसांनी स्कूटरवर मागे बसून बोलेल.

_नवराबायको._ दोघांचं एकमत होत नसेल तर आळीपाळीने निवडा, आणि ज्याची पाळी नाही त्याला महिन्यातून एकदा नकाराचा हक्क ठेवा. शांत संध्याकाळ असेल तर 'द लंचबॉक्स' (२०१३): चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा, त्यातून सुरू झालेल्या चिठ्ठ्या. वीस वर्षं एकमेकांचे डबे भरणाऱ्यांना त्यातलं जे दिसतं ते नवविवाहितांना दिसत नाही, म्हणून हा मी मुद्दाम जुन्या जोडप्यांना सांगतो.

_मैत्रिणी, जावा, महिला मंडळ._ 'झिम्मा' (२०२१) किंवा 'बाईपण भारी देवा' (२०२३) बहुतेकींनी पाहिलेले असतात, पण एकत्र पुन्हा बघण्यात वेगळी मजा. त्यानंतरच्या बैठकीला 'उंबरठा' (१९८२) आणा. घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून काम करायला जाणारी स्मिता पाटीलची सुलभा. तिने बरोबर केलं की चूक, यावर खोलीत दोन तट पडतात. मी साठीच्या बायकांना सुलभाच्या बाजूने आणि तिशीतल्यांना विरुद्ध बोलताना ऐकलं आहे.

_शेजारी._ नवी मुंबईचं हे सुख फार कमी लोक वापरतात. नेरूळ-वाशीत एका मजल्यावर मल्याळी, तमिळ, पंजाबी, मराठी कुटुंबं राहतात, दिवाळीचा फराळ आणि ओणमचं पायसम इकडून तिकडे जातं, मग सिनेमा का नाही? हिंदी 'दृश्यम' तुम्ही पाहिला असेल. मल्याळी शेजाऱ्यांना मूळ २०१३ चा, मोहनलाल यांचा 'दृश्यम' तुमच्याबरोबर बघायला बोलवा. गोष्ट माहीत असल्याने भाषेची भीती राहत नाही, आणि बोलण्यातले बारकावे ते समजावून सांगतात. परतफेडीला मराठीतला तुमच्या आवडीचा दाखवा.

गावाहून पाहुणे आलेत, घर भरलंय, कोणी उठतंय, कोणी बसतंय, अशा वेळी नवं काहीच नको. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लावा. संवाद सगळ्यांना पाठ असल्यामुळे मध्येच आलेल्यालाही काही चुकत नाही.

एकट्याने बघणाऱ्यांसाठी एवढंच: ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करून भाड्याच्या खोलीवर परतणाऱ्या मुलामुलींनी जेवताना मोबाइलवर तुकडे बघण्याऐवजी आठवड्यातून एक सिनेमा सलग बघावा. फोन दुसऱ्या खोलीत, दिवा बंद.

चौथी पायरी: हॉल तयार करा

टीव्हीपासूनचं अंतर स्क्रीनच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट असावं. ४३ इंची टीव्ही असेल तर साडेपाच फूट. आपल्या हॉलमध्ये ते सहज जमतं. बरेच जण भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावरून बारा फुटांवरून बघतात आणि मग चेहरे दिसत नाहीत म्हणतात. खाली गादी टाका, पुढे सरका.

सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीनुसार तिला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन अशी नावं असतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ स्थिर चित्रांवर, चित्रित झालेला असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो आणि चित्रपटाला मालिकेचा चेहरा येतो. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड असेल तर तोच निवडा.

आवाजाचा त्रास जास्त. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संगीत गडगडतं आणि संवाद पुसट येतात. संवाद ठळक करणारी सेटिंग शोधा, मग गरज वाटली तर साधा साउंडबार घ्या. घोडबंदर किंवा पामबीच रोडकडे खिडकी असेल तर ती बंद करा, आणि पंखा एक नंबर खाली आणा. त्याचा आवाज किती होता ते तेव्हा कळतं.

जेवण सिनेमाच्या आधी. वाढायला कोणीतरी सारखं उठतं, आणि ती बहुतेक घरातली एकच व्यक्ती असते. तिने सलग बसून सिनेमा बघावा, ही व्यवस्था करणं सिनेमा निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पाचवी पायरी: सांगायचं कसं

दहा नावांची यादी पाठवू नका. एक नाव आणि एक पर्याय, बस. तो सिनेमा सध्या कुठल्या अधिकृत ठिकाणी आहे हे पाठवण्याच्या दिवशीच तपासा, कारण सिनेमे एका ओटीटीवरून दुसऱ्यावर जातात. मग भाषा, लांबी, तुम्हाला का सुचवतोय आणि एक सावधगिरी. उदाहरणार्थ:

"काका, रविवारी दुपारी काकूंबरोबर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा. मराठी, दीड तासाच्या आसपास. तुम्ही जुन्या नाटक कंपन्यांच्या गोष्टी सांगता ना, त्याच काळातला आहे. आवाज थोडा वाढवून ठेवा. नाही रंगला तर 'सिंहासन', पण तो सावकाश, वेळ काढून."

"बघच", "रडशील", "शेवट भन्नाट आहे" असं काही लिहू नका. शेवट भन्नाट आहे म्हटलं की माणूस पूर्ण वेळ शेवटाची वाट बघत बसतो.

सहावी पायरी: नंतरची चौकशी

"आवडला का?" या प्रश्नाला लोक भिडेखातर "हो" म्हणतात. "कुठे थांबवलात? मध्ये कोण उठलं? नंतर कशावर बोललात?" असं विचारा. उत्तरं एका वहीत लिहून ठेवा: कोणाला कोणती भाषा चालते, कोणाला रक्त बघवत नाही, कोणाच्या घरी नऊनंतर मूल झोपतं. काही महिन्यांत ही वही कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं सुचवू लागते, कारण ॲपला एका खात्यामागे बसलेली चार माणसं वेगळी दिसत नाहीत.

सोसायटीत दाखवायचा असेल तर

घरातली ओढ पुढे गच्चीपर्यंत किंवा क्लबहाऊसपर्यंत जाते, आणि जावी. मात्र ओटीटीचं वर्गणी-खातं घरगुती वापरासाठी असतं; सोसायटीत पडदा लावून दाखवायचं तर सिनेमाच्या हक्कधारकाची परवानगी लागते. दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला आधी रीतसर पत्र लिहा. कार्यकारिणीकडून तारीख लेखी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, म्हणून पावणेसातला सुरू करा. मुलं पुढे सतरंजीवर, ज्येष्ठांना बाजूच्या खुर्च्या लिफ्टच्या जवळ. पहिल्या वेळी दोन तासांच्या आतला, सगळ्या वयांना चालणारा सिनेमा घ्या, आणि भाषणं ठेवू नका.